मोटारीला कंठ देणारे पॉल गॅल्व्हिन

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात, सास्तूर-माकणी परिसरातील रस्त्यांवर उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. रात्रीच्या शांततेत ट्रॅक्टर नजरेस पडण्याआधी त्यावरचे गाणे कानी येते. चालकाच्या आसनामागे, छताखाली किंवा मडगार्डवर बसवलेले कर्णे आणि बेसचे डबे ही आता या वाहनाची ओळखच होऊन बसली आहे. रात्रभर जागायचे तर चालकाला गाण्याची सोबत हवी आणि इंजिनाच्या घरघरीवर मात करायची तर आवाजही मोठा हवा. म्हणून बाजारातून आणलेला ॲम्प्लिफायर आहे तसा राहत नाही. कोणी त्यात आणखी दोन ट्रान्झिस्टर घालून घेतो, कोणी चार ओहमच्या जागी दोन ओहमचा भार जोडतो, कोणी वरून संगणकातला जुना पंखा बसवतो. आवाज वाढतो, पेटी तापू लागते आणि पुष्कळदा ऐन हंगामात ती जळून जाते.

वाहनातील आवाज आणि वाहनातील उष्णता यांचे हे वैर जुने आहे. मोटारीत रेडिओ वाजवण्याचा व्यवसाय ज्या माणसाने जगात रुजवला, त्याच्या उद्योगाची सुरुवातच एका पेटलेल्या मोटारीने झाल्याचे सांगितले जाते. त्याचे नाव पॉल गॅल्व्हिन. मोटोरोला या नावाचा जनक म्हणून जग त्यांना ओळखते. मात्र त्या नावामागे किती वेळा दिवाळे निघाले आणि किती वेळा हात पोळले, हे फारसे सांगितले जात नाही.

फलाटावरचा व्यापार

पॉल व्हिन्सेंट गॅल्व्हिन यांचा जन्म २९ जून १८९५ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात हार्वर्ड नावाच्या लहानशा गावी झाला. प्रसिद्ध विद्यापीठाशी या गावाचा नावापलीकडे संबंध नाही. गाव रेल्वेच्या वाटेवरचे होते. गाड्या थांबत, प्रवाशांना भूक लागलेली असे आणि गावातील पोरे मक्याच्या लाह्या घेऊन डब्यांकडे धावत. पॉल त्यांपैकीच एक. आपल्याकडे कुर्डुवाडी किंवा मनमाडच्या फलाटावर जे चित्र दिसे तेच हे. गाडी थांबण्याच्या चार-पाच मिनिटांत गिऱ्हाईक ओळखायचे, माल द्यायचा आणि पैसे वसूल करायचे, हे शिक्षण त्यांना शाळेबाहेर मिळाले.

पुढे इलिनॉय विद्यापीठात त्यांनी दोन वर्षे काढली, परंतु पदवी घेतली नाही. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात अधिकारी होते. युद्धावरून परतल्यावर शिकागोतील एका बॅटरी बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी नोकरी धरली आणि बॅटरी हा त्यांच्या आयुष्याचा धागा झाला. गॅल्व्हिन हे संशोधक नव्हते, वैज्ञानिक तर नव्हतेच. वस्तू कशी चालते यापेक्षा ती ग्राहकाच्या हाती गेल्यावर चालत राहील काय, हा प्रश्न त्यांना अधिक महत्त्वाचा वाटे.

दोनदा कुलूप

१९२१ मध्ये एडवर्ड स्टुअर्ट या मित्राच्या भागीदारीत त्यांनी विस्कॉन्सिन राज्यातील मार्शफील्ड येथे बॅटरीचा कारखाना काढला. तो १९२३ मध्ये बुडाला. थकलेल्या करापायी सरकारी अधिकाऱ्यांनी कारखान्याला कुलूप ठोकले. गॅल्व्हिन जेवायला बाहेर गेले होते आणि त्यांचा अंगरखाही आतच अडकून पडला, अशी कथा त्यांच्याविषयी सांगितली जाते. काही काळ त्यांनी शिकागोतील एका मिठाई कारखानदाराकडे नोकरी केली. नंतर स्टुअर्ट यांच्याशीच पुन्हा भागीदारी केली आणि १९२८ मध्ये तोही उद्योग लिलावात निघाला.

या दुसऱ्या अपयशातून त्यांनी एक वस्तू उचलली. त्या काळी घरगुती रेडिओ बॅटरीवर चालत. घरोघरी वीज पोहोचू लागली, तशी बॅटरीऐवजी घरच्या विजेवर रेडिओ चालवता येईल अशा साधनाची गरज भासू लागली. स्टुअर्ट यांच्या कंपनीकडे असे बॅटरीला पर्याय ठरणारे साधन होते. कंपनी लिलावात निघाली तेव्हा त्या साधनाचा विभाग गॅल्व्हिन यांनी ७५० डॉलरला सोडवून घेतला. २५ सप्टेंबर १९२८ रोजी त्यांनी धाकटे बंधू जोसेफ यांच्यासह शिकागोत गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन सुरू केली. हाताशी रोख ५६५ डॉलर आणि पाच कामगार होते. परंतु विजेवर थेट चालणारे रेडिओ बाजारात आल्यावर या साधनाचेही दिवस भरले. त्यातच ऑक्टोबर १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी सुरू झाली. गॅल्व्हिन यांच्यापुढे तिसऱ्या कुलपाची वेळ आली होती.

पेटलेली मोटार

याच सुमारास मोटारीत बसणाऱ्या रेडिओची कल्पना त्यांच्यापुढे आली. विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग हे दोन तरुण तंत्रज्ञ तिच्यामागे लागले होते. यांपैकी लिअर पुढे लिअरजेट विमानांमुळे विख्यात झाले. वेव्हरिंग गॅल्व्हिन यांच्याच कंपनीत सर्वोच्च पदापर्यंत चढले आणि मोटारीची बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरच्या विकासात त्यांनी मोठा वाटा उचलला.

मोटारीत रेडिओ बसवण्याचे प्रयोग त्याआधीही झाले होते, परंतु सर्वसामान्यांना परवडेल आणि टिकेल असा संच कोणाला जमला नव्हता. पहिली अडचण इंजिनाची. ठिणगीवर चालणारे इंजिन रेडिओलहरींच्या दृष्टीने मोठा गोंगाट करते आणि तो सारा गोंगाट रेडिओत शिरतो. त्यासाठी ठिणगीच्या तारांवर रोधक बसवावे लागले. दुसरी अडचण विद्युतदाबाची. त्या काळच्या मोटारींची बॅटरी सहा व्होल्टची, तर रेडिओतील व्हॉल्व्हना शंभर व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून अधिक दाब लागे. तिसरी अडचण उष्णतेची. प्रत्येक व्हॉल्व्हच्या पोटात तापून लाल झालेली तार असते. इंजिनाची धग, हलणारे बांधकाम, घासणाऱ्या तारा आणि बंद पेटी एकत्र आली की कोठे तरी धूर निघणारच.

गॅल्व्हिन यांना भांडवल हवे होते. त्यांनी कर्ज मागण्यासाठी गाठलेल्या बँकरच्या पॅकार्ड मोटारीत आपला संच बसवून दिला. हेतू असा की रेडिओ ऐकून तो खूश होईल आणि कर्ज मंजूर करील. संच बसवल्यानंतर अर्ध्या तासात ती मोटार पेटली आणि कर्ज काही मिळाले नाही. ही हकिकत त्यांच्या चरित्रकथेत आवर्जून सांगितली जाते आणि तिचे मर्म आजही शिळे झालेले नाही. बॅटरीतून घेतलेली शक्ती सगळीच्या सगळी आवाज होत नाही. जी आवाज होत नाही ती उष्णता होते आणि तिला वाट करून दिली नाही तर ती स्वतःच वाट शोधते.

दुसरा कोणी असता तर येथेच थांबला असता. गॅल्व्हिन यांनी संचाची जोडणी सुधारून घेतली आणि तो स्वतःच्या स्टुडबेकर मोटारीत बसवला. जून १९३० मध्ये अटलांटिक सिटी येथे रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन भरले होते. शिकागोहून सुमारे तेराशे किलोमीटर मोटार हाकत ते तेथे गेले. प्रदर्शनात गाळा घेण्याइतके पैसे नव्हते. म्हणून मोटार सभागृहाबाहेर उभी केली, पत्नी लिलियन यांना आत बसवले आणि ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांना ते मोटारीपाशी बोलावून रेडिओ ऐकवू लागले. फलाटावर लाह्या विकणारा मुलगा येथे पुन्हा कामी आला. मागण्या हाती घेऊनच ते परतले.

त्या संचाची किंमत ११० ते १३० डॉलर होती. त्या काळी साधी नवी मोटार सहाशे डॉलरच्या आसपास मिळे. म्हणजे रेडिओ ही चैनच होती. तो बसवायला दोन माणसांना काही दिवस लागत. छताच्या आतील कापडामागे आकाशिका (ॲण्टेना) ओवावी लागे आणि कोरड्या बॅटऱ्यांसाठी मोटारीच्या तळाची फळी कापावी लागे. या संचाला गॅल्व्हिन यांनी मोटार आणि ध्वनी यांचा मेळ घालणारे मोटोरोला हे नाव दिले. पहिल्या वर्षी कंपनीला तोटाच झाला. परंतु १९३० च्या दशकात कोरड्या बॅटऱ्या गेल्या, किंमत उतरली, मोटारींच्या व टायरच्या दुकानांतून रेडिओ बसवून मिळू लागले आणि ही चैन नित्याची झाली. रेडिओमुळे चालकाचे लक्ष विचलित होईल या भीतीने त्यावर बंदी घालण्याचे प्रस्तावही अमेरिकेत तेव्हा पुढे आले होते.

कोरड्या बॅटऱ्यांची जागा ज्याने घेतली तो व्हायब्रेटर समजून घेण्याजोगा आहे. त्यातील कंप पावणारी पट्टी बॅटरीचा एकसारखा प्रवाह सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा तोडते-जोडते. असा तुटक प्रवाह ट्रान्सफॉर्मरला चालतो आणि सहा व्होल्टचे दोनशे व्होल्ट करता येतात. आज वाहनातील मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये हेच काम मॉस्फेट नावाचे ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा करतात. तत्त्व बदललेले नाही.

युद्ध आणि घरचा आघात

१९३६ मध्ये गॅल्व्हिन कुटुंबासह युरोपात हिंडून आले. जर्मनीची शस्त्रसज्जता पाहून युद्ध अटळ आहे, असा त्यांचा ग्रह झाला. परतल्यावर त्यांनी सैनिकाला हातात धरता येईल अशा संचाच्या संशोधनाला चालना दिली. त्याच वर्षी पोलिसांच्या गाड्यांसाठी त्यांच्या कंपनीचा खास रेडिओ बाजारात आला. १९४० मध्ये हातात मावणारा हँडी-टॉकी तयार झाला. डॅनियल नोबल यांच्या देखरेखीखाली विकसित झालेला, पाठीवर वाहून न्यायचा सुमारे सोळा किलोंचा वॉकी-टॉकी १९४३ मध्ये सैन्याच्या हाती पडला. युरोप आणि पॅसिफिकच्या रणभूमीवर या संचांनी असंख्य तुकड्यांना परस्परांशी जोडून ठेवले.

उद्योग शिखराकडे जात असतानाच त्यांच्यावर कठोर आघात झाला. ऑक्टोबर १९४२ मध्ये लिलियन यांची राहत्या घरी हत्या झाली. अटलांटिक सिटीत मोटारीत बसून रेडिओ ऐकवणारी त्यांची सहचरी अशी गेली आणि त्या गुन्ह्याचा उलगडा कधीच झाला नाही. गॅल्व्हिन कामावर परतले. १९४७ मध्ये त्यांनी कंपनीचे नाव मोटोरोला असे केले आणि त्याच वर्षी कामगारांना नफ्यात वाटा देणारी योजना सुरू केली.

तापणाऱ्या ट्रान्झिस्टरवर मात

१९४७ च्या अखेरीस अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. नोबल यांच्या आग्रहावरून मोटोरोलाने १९४९ मध्ये फिनिक्स येथे संशोधन केंद्र काढले होते. व्हॉल्व्ह आणि व्हायब्रेटर या दोन्ही तापणाऱ्या, बिघडणाऱ्या गोष्टी मोटारीच्या रेडिओतून काढून टाकायच्या तर स्पीकर हलवण्याइतकी शक्ती देणारा ट्रान्झिस्टर हवा होता. १९५५ मध्ये मोटोरोलाने मोटारीच्या रेडिओसाठी जर्मेनियमचा २एन१७६ हा ट्रान्झिस्टर आणला. व्यापारी प्रमाणावर निघालेल्या पहिल्या उच्चशक्ती ट्रान्झिस्टरांत त्याची गणना होते.

येथेही मूळ प्रश्न उष्णतेचाच होता. जर्मेनियम तापले की त्यातून जाणारा प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की ते आणखी तापते आणि आवर घातला नाही तर हे चक्र ट्रान्झिस्टर जाळूनच थांबते. उपाय म्हणून ट्रान्झिस्टरचे अंगच धातूचे केले गेले. दोन भोकांचे, पतंगाच्या आकाराचे ते कवच स्क्रूने जाड धातूच्या पत्र्यावर आवळायचे, मध्ये अभ्रकाची पातळ चकती ठेवायची आणि आतील उष्णता पत्र्यावाटे हवेत सोडायची. पुढे जर्मेनियमची जागा अधिक तापमान सोसणाऱ्या सिलिकॉनने घेतली, परंतु कवच तेच राहिले. आरसीए कंपनीचा २एन३०५५ आणि त्याचा मोटोरोलात घडलेला जोडीदार एमजे२९५५ ही नावे आपल्याकडे रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या कोणालाही तोंडपाठ असतात. गावोगावच्या उत्सवांत वाजणाऱ्या किती तरी ॲम्प्लिफायरांच्या पाठीवर तीच पतंगाकृती बटणे दिसत आली आहेत.

१९५६ मध्ये पुत्र रॉबर्ट यांच्याकडे अध्यक्षपद सोपवून गॅल्व्हिन मागे सरले आणि ५ नोव्हेंबर १९५९ रोजी रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी चंद्रावरून पृथ्वीवर आलेले माणसाचे शब्द मोटोरोलाच्या उपकरणातून पोहोचले. १९७३ मध्ये याच कंपनीच्या मार्टिन कूपर यांनी हातातल्या मोबाइलवरून पहिला दूरध्वनी केला. पुढे अर्धसंवाहकांचा व्यवसाय वेगळा झाला आणि २०११ मध्ये कंपनीचेही दोन भाग झाले. नाव मात्र राहिले.

आजच्या पेटीसाठी धडा

आता पुन्हा आपल्या ट्रॅक्टरकडे वळू. बारा व्होल्टची बॅटरी आणि चार ओहमचा स्पीकर यांतून साध्या जोडणीत कागदावर साडेचार वॅट निघतात. स्पीकरच्या दोन्ही टोकांना दोन ॲम्प्लिफायर उलटसुलट जोडले तर अठरा वॅट. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट धरले तरी ही मर्यादा सव्वीस वॅटच्या पुढे जात नाही. दीडशे वॅट हवे तर आतील दाब अधिक-उणे ३५ व्होल्टपर्यंत चढवावाच लागतो. शक्ती वाढवण्याच्या साऱ्या युक्त्यांचे मूळ हे आहे.

आता हिशेबाची दुसरी बाजू. नेहमीच्या धाटणीचा ॲम्प्लिफायर पूर्ण आवाजात दोनशे वॅट देत असेल तर बॅटरीकडून तो साडेतीनशेच्या आसपास घेतो, म्हणजे जवळजवळ तीस ॲम्पिअर. उरलेले दीडशे वॅट पेटीतच उष्णता होऊन बसतात. दुरुस्तीच्या दुकानातील पंचवीस वॅटची सहा सोल्डरिंग आयर्न एका बंद डब्यात लावून ठेवावीत, तसा हा प्रकार. चार ओहमच्या जागी दोन ओहम जोडले की प्रवाह दुप्पट होतो आणि तारांत वाया जाणारी उष्णता चौपट. एवढे करून कानाला काय मिळते? शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर शक्ती दहापटीच्या आसपास लागते.

म्हणूनच शहाणा कारागीर आधी थंडाव्याची सोय करतो आणि मग शक्तीला हात घालतो. हीटसिंकच्या पात्या उभ्या ठेवल्या तर तापलेली हवा आपोआप वर निघून जाते. ट्रान्झिस्टरखालची पेस्ट पातळ लावायची असते, थापायची नसते. पंखा बसवला तर हवेला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट वेगळी हवी, आणि उसाच्या पाचटाचा भुगा साचणार नाही अशी जाळी हवी. फ्यूज ॲम्प्लिफायरजवळ नव्हे, बॅटरीजवळ हवा, कारण वाटेत घासलेली तारच आधी पेटते. ऋतूचेही भान हवे. हीटसिंक सत्तर अंशांवर असेल तर डिसेंबरच्या वीस अंशांच्या हवेत त्याला पन्नास अंशांचा उतार मिळतो, लग्नसराईतल्या बेचाळीस अंशांत तो अठ्ठावीसच उरतो. हंगामात टिकलेली पेटी मे महिन्याच्या वरातीत जळते ती यामुळे. शिवाय ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत आणि रात्री दहानंतर इतरांच्या झोपेचा हक्कही आहे.

सास्तूरला वाहनातील आवाजाचे आणखी एक मोल ठाऊक असायला हवे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात किल्लारीबरोबर हे गावही उद्ध्वस्त झाले. त्या आपत्तीत हौशी रेडिओचालकांनी भूकंपग्रस्त भागाचा बाहेरच्या जगाशी संपर्क राखण्यास हातभार लावला होता. विजेचे खांब पडलेले असताना बोलता येते ते बॅटरीवरच्या संचावर. अशा संचाची कसोटी त्याचा आवाज किती मोठा यावर लागत नाही, तो किती तास न तापता, न थांबता चालतो यावर लागते.

गॅल्व्हिन यांचे आयुष्य याच कसोटीचे होते. दोनदा कुलूप लागले, एकदा मोटार पेटली, घर उजाड झाले. दर वेळी त्यांनी काय जळाले ते पाहिले आणि पुढचा संच अधिक टिकाऊ केला. ॲम्प्लिफायरचे झाकण उघडून शक्ती वाढवायला बसलेल्या आपल्या तरुणांनी त्यांच्याकडून एवढे घ्यावे. आवाज वाढवणे सोपे आहे, वाढवलेला आवाज सांभाळणे हे खरे काम आहे.